क्रोशाची सुई आणि उन्हाळ्याची दुपार

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसली, की अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या महिन्यात सोयीचा दिवस पाहून घरोघर हळदीकुंकवाची आमंत्रणे जात. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, जेथे जेथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाली, तेथे तेथे ही रीत त्यांच्याबरोबर गेली. पायऱ्यापायऱ्यांची आरास, वर पाळण्यातील गौर, खाली कोरलेले कलिंगड, फराळाची तबके, खेळणी. आणि या सर्वांच्या मधून घरातील लेकीसुनांनी विणलेले रुमाल, तोरणे, पडदे. आंब्याची डाळ आणि पन्हे घेता घेता आलेल्या बायका एखादा रुमाल उचलून उलट बाजूने पाहात, टाके मोजीत, नमुना कोणाकडून घेतला याची चौकशी करीत. ज्या काळी घरगुती स्त्रीच्या हातची कला पाहण्यासाठी दुसरे प्रदर्शन नव्हते, त्या काळी ही आरास हेच तिचे प्रदर्शन होते.

या विणकामाला घरात एक ठरलेले नाव होते : फावल्या वेळचा उद्योग. नाव ठेवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता; परंतु या एका नावामुळे त्या कामाचे मोल करण्याची गरज कोणास भासली नाही आणि त्याचा इतिहास लिहिण्याचीही नाही. वस्तुतः क्रोशाच्या सुईचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसून येते, की एका घरी जो विरंगुळा होता, तोच दुसऱ्या घरी पोटाचा आधार होता. आणि ‘फावला वेळ’ या शब्दाने अनेक ठिकाणी प्रत्यक्ष श्रम झाकले गेले.

सुईचा प्रवास

‘क्रोशे’ हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ लहान आकडी असा आहे. एका आकडीने दोऱ्याच्या फासातून दुसरा फास ओढावयाचा, ही या विणकामाची सारी युक्ती. ही युक्ती नेमकी कोठे जन्मली याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. त्यांतील एक मत गुजरात आणि कच्छ येथील वाचकांना जवळचे वाटेल असे आहे. तेथील मोची कारागीर चामड्यावर व पुढे कापडावर आरीने, म्हणजे टोकाला खाच असलेल्या टोच्याने, साखळीटाक्याचे भरतकाम करीत. सतराव्या शतकापासून असे भरलेले गुजराती कापड ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून युरोपात जाऊ लागले. अठराव्या शतकात युरोपीय स्त्रियांनी वर्तुळाकार चौकटीवर कापड ताणून आकडीच्या सुईने साखळीटाका घालण्यास आरंभ केला. ही पद्धत पूर्वेकडून आली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढे खालचे कापडच काढून टाकले आणि साखळी हवेत विणली जाऊ लागली, तेव्हा क्रोशा निर्माण झाला, असे या मताचे म्हणणे आहे.

दुसरे मत त्याचे मूळ युरोपातील मेंढपाळांच्या जाड लोकरी विणकामात शोधते. या ‘मेंढपाळी विणकामा’चा उल्लेख एलिझाबेथ ग्रँट या स्कॉटिश स्त्रीच्या आठवणींत, १८१२ सालच्या हकिकतीत सापडतो. तिचे वडील पुढे मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले आणि १८२९ मध्ये तिचा विवाहही मुंबईतच झाला. तिच्या आठवणी मात्र तिच्या निधनानंतर, १८९८ मध्ये छापल्या गेल्या. क्रोशाचे छापील नमुने त्याच्या कितीतरी आधी, १८२० नंतरच्या दशकात, हॉलंडमधील एका स्त्रियांच्या मासिकात प्रसिद्ध होऊ लागले होते. या कलेचा प्रसार जितका हातांनी केला तितकाच छापील पानांनी केला, ही गोष्ट ग्रंथालयाच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दुष्काळातील लेस

क्रोशाला विरंगुळ्याच्या पंक्तीतून उठवून उपजीविकेच्या पंक्तीत बसविले ते आयर्लंडच्या दुष्काळाने. १८४५ पासून तेथील बटाट्याचे पीक रोगाने नासत गेले आणि काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मृत्युमुखी पडली. तितक्यांनीच देश सोडला. अशा वेळी कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक येथील मठातील जोगिणींनी मुलींना क्रोशाची लेस शिकविली. क्लोन्स या गावी तेथील धर्मोपदेशकाची पत्नी कॅसँड्रा हँड हिने १८४७ मध्ये बाहेरून शिक्षिका आणवून हा उद्योग सुरू केला. व्हेनिसची लेस सुईने भरावयास फार काळ लागे. तिच्यासारखी दिसणारी लेस क्रोशाने पुष्कळच लवकर तयार होई. भांडवल म्हणावे तर एक आकडी आणि दोऱ्याची गुंडी. कामाची वाटणीही झाली. एकीने गुलाब विणावा, दुसरीने पान, तिसरीने ते जाळीने जोडावे. ही लेस लंडन-पॅरिसच्या धनिक स्त्रियांच्या पोशाखांवर मिरवू लागली. ती विणणाऱ्या बायकांची नावे मात्र त्या पोशाखांबरोबर गेली नाहीत.

याच सुमारास आणखी एक शोध लागला. १८४४ मध्ये लँकेशायरमधील जॉन मर्सर याला, सुती धागा दाहक सोड्याच्या द्रावणात बुडविल्यास तो बळकट होतो व रंग अधिक चांगला धरतो, असे आढळले. १८५० मध्ये त्याने त्याचे पेटंट घेतले. शतकाच्या अखेरीस ही क्रिया धागा ताणून करू लागल्यावर त्यास रेशमासारखी चकाकी आली. हाच तो ‘मर्सराइज्ड’ दोरा, ज्याच्या पांढऱ्याशुभ्र गुंड्या पुढे भारतातील घराघरांत पोचल्या.

मराठी घरात

पश्चिम भारतात सुईकामाचे पद्धतशीर शिक्षण प्रथम मिशनच्या मुलींच्या शाळांतून मिळू लागले. लिहिणे-वाचणे या नव्या गोष्टींविषयी साशंक असलेल्या पालकांना शिवण-टिपण तरी उपयोगाचे वाटे. सुईच्या ओळखीने पाटीची ओळख काही घरांत सुसह्य झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी या शिक्षणाला वेगळे वळण लागले. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याची सेवासदन संस्था सुरू झाली. तेथे विधवा व निराधार स्त्रियांना शिक्षणाबरोबर हस्तोद्योगही शिकविले जात. बडोद्यात महाराणी चिमणाबाई यांच्या नावाने स्त्री उद्योगालय निघाले. स्त्रियांच्या स्थितीविषयी १९११ मध्ये इंग्रजी ग्रंथ सिद्ध करणाऱ्या आणि १९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष झालेल्या या महाराणींना, स्त्रीच्या हातात स्वतःची कमाई असण्याचे महत्त्व पुरते कळले होते. या संस्थांत सुई हा विरंगुळा नव्हता. ते स्वावलंबनाचे साधन होते.

मध्यमवर्गीय घरात मात्र तीच सुई निराळ्या वेशात आली. आपल्या हवेत लोकरीचे काम थंडीपुरते. क्रोशाचा सुती दोरा उन्हाळ्याला मानवणारा. सकाळी गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे यांचे वाळवण घालावे, जेवणे उरकावीत, खिडकीला वाळ्याचा पडदा सोडून त्यावर पाणी मारावे आणि मग माजघराच्या गार फरशीवर बसून सुई हाती घ्यावी. शाळेला सुटी लागलेल्या मुली आधी नुसती साखळी विणीत, हातभर, वावभर. मग खांब शिकत. एका बाजूला सागरगोटे, काचाकवड्या किंवा पत्त्यांचा डाव, दुसऱ्या बाजूला कोणी मोठ्याने वाचीत असलेली कादंबरी. घामाने दोरा मळू नये म्हणून हात वरचेवर धुवावे लागत. गुंडी घरंगळू नये म्हणून ती वाटीत किंवा तांब्यात ठेवीत. वाळवणावर राखण करता करता, मुलाला झोके देता देता हे काम चालू राही. कारण ते केव्हाही खाली ठेवता येई आणि केव्हाही पुन्हा उचलता येई.

विणलेली वस्तूही बहुधा निरुपयोगी नसे. दुधाच्या वा पन्ह्याच्या भांड्यावर घालावयाच्या जाळीदार झाकणाला कडेने मणी ओवलेले असत. मण्यांच्या वजनाने झाकण वाऱ्याने उडत नसे आणि भांडे झाकलेले राहूनही वारा लागे. परकराची व उशीच्या अभ्र्याची किनार, बाळाचे टोपडे, दाराचे तोरण आणि पुढे रेडिओ घरात आल्यावर त्यावरचे आच्छादन, असा हा विस्तार होता. चौकोनी जाळीत काही घरे भरीव व काही मोकळी ठेवून मोर, हत्ती, तुळशीवृंदावन किंवा ‘सुस्वागतम्’ ही अक्षरे उमटविण्याचे काम म्हणजे एक प्रकारचे गणितच होते. आखलेल्या कागदावर चौकोन रंगवून आधी हिशेब मांडावा लागे. एक घर चुकले, की मोराची मान वाकडी होई.

या ठिकाणी ग्रंथालयाचा संबंध येतो. १९१० मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांस बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांची चळवळ उभारली. लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तके खेडोपाडी जाऊ लागली. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांतही वाचनालये होती. त्यांच्या टेबलावरून, १९३० मध्ये सुरू झालेल्या ‘स्त्री’ मासिकासारखी नियतकालिके घरात पोचत. कथा-लेखांच्या जोडीला स्त्रियांच्या मासिकांत विणकामाचे नमुनेही येत. अंक परत करावयाचा असे; म्हणून नमुना वहीत उतरवून घेतला जाई आणि त्या वहीतून शेजारणीच्या वहीत, माहेराहून सासरी, एका गावाहून दुसऱ्या गावी जाई. वाचनालयाच्या नोंदवहीत अंक नेणाऱ्या सभासदाचे, बहुधा घरातील पुरुषाचे, नाव असे. अंक कोणासाठी नेला आणि त्यातून काय निर्माण झाले, याची नोंद करण्यास तेथे रकाना नव्हता.

गोदावरीच्या मुखाशी

त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी आंध्र प्रदेशात जेथे समुद्राला मिळते, त्या परिसरात नरसापूर हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी तेथील गरीब स्त्रियांना क्रोशाची लेस शिकविली. विसाव्या शतकात ती परदेशी निर्यात होऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ विदुषींनी या स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या परिसरात एक लाखाहून अधिक स्त्रिया हे काम करीत होत्या. घरकाम सांभाळून दिवसाचे सहा ते आठ तास त्या विणीत. तरी त्यांची कमाई शेतमजूर स्त्रीच्या मजुरीहून कमी होती. कारण त्यांना कोणी कामगार मानीतच नव्हते. त्या ‘घरी बसलेल्या गृहिणी’ होत्या आणि त्यांचे काम फावल्या वेळचे होते. घराबाहेर मजुरीस न जाणे ही प्रतिष्ठेची खूण समजली जाई. त्या प्रतिष्ठेची किंमत त्या स्वतःच्या मजुरीतून भरीत होत्या. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक निर्देशनाची मान्यता मिळाली. गावाच्या नावाची नोंद झाली, ही समाधानाची गोष्ट होय.

बडोद्याच्या वा इंदूरच्या वाड्यातील दुपार आणि नरसापूरच्या ओसरीवरील दुपार यांत मोठे अंतर आहे. पहिलीत आनंद होता व तो खरा होता. विणून झालेला रुमाल आरशीत मांडताना स्त्रीला जे वाटे, त्याची टर उडविण्याचे कारण नाही. पण दोन्हीकडे टाका तोच होता आणि त्या टाक्याला लागणारा वेळही तोच. क्रोशासारखी दिसणारी लेस यंत्रावर निघते. परंतु खऱ्या क्रोशाची जागा घेणारे यंत्र कारखान्यांत अद्याप रूढ झालेले नाही. बाजारात स्वस्तात मिळणारा क्रोशाचा रुमाल पाहताना एवढे लक्षात ठेवले पाहिजे, की तो कोणाच्या तरी हातांनी टाक्याटाक्याने विणलेला आहे आणि त्याची स्वस्ताई कोणीतरी सोसलेली आहे.

शंभर वर्षांत ग्रंथालयांनी छापलेली पाने जपली. त्यांतच विणकामाचे नमुनेही बांधीव खंडांत सुरक्षित राहिले. त्या नमुन्यांवरून विणलेले रुमाल मात्र ट्रंकांच्या तळाशी पिवळे पडत आहेत आणि हाताने उतरविलेल्या वह्या रद्दीत जात आहेत. सभासदांच्या घरी अशी एखादी वही असेल, तर तिच्या पहिल्या पानावर ती कोणाची, कोणत्या गावची, नमुने कोणाकडून घेतले, एवढे लिहून ती ग्रंथालयाच्या कपाटात आणून ठेवावी. नोंदवहीत जो रकाना शंभर वर्षे नव्हता, तो आखण्याचे काम अजूनही होण्यासारखे आहे.