अनिवासी भारतीय कोटा

अनिवासी भारतीय कोटा म्हणजे खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांत परदेशस्थ भारतीय नागरिक व त्यांच्या पाल्यांसाठी ठेवलेल्या जागा होत. या जागांचे शुल्क सर्वसाधारण जागांपेक्षा बरेच अधिक असते.

पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १२ ऑगस्ट २००५ रोजी अशा जागांना कमाल १५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली. प्रवेश खऱ्या अनिवासी भारतीयांना वा त्यांच्या पाल्यांनाच द्यावा, गुणवत्ता पूर्णपणे डावलू नये आणि जादा शुल्काची रक्कम आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांना शुल्कसवलत देण्यासाठी वापरावी, अशा अटी निकालात आहेत.

कोल्हापूर येथील डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय अभिमत विद्यापीठाचे घटक आहे. त्यामुळे तेथील या कोट्याचे प्रवेश केंद्रीय स्तरावरील वैद्यकीय समुपदेशन समितीमार्फत होतात. त्यांसाठीही नीट परीक्षेतील पात्रता आवश्यक असते.

कोट्यास कोण पात्र, हा वादाचा मुद्दा राहिला आहे. पंजाब सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये काका, मामा, आत्या, मावशी अशा परदेशस्थ नातलगांच्या आधारेही प्रवेश खुला केला. तेथील उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला व २४ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे अपील फेटाळले.