सतीश आळेकर

सतीश वसंत आळेकर (जन्म : ३० जानेवारी १९४९, दिल्ली) हे मराठी नाटककार, नाट्यदिग्दर्शक आणि अभिनेते आहेत. जीवरसायनशास्त्रात एम.एस्‌सी. झाल्यावर त्यांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकाळ नोकरी केली. उपजीविका नाटकावर अवलंबून नसल्याने त्यांच्या लेखनाला गल्ल्याचा विचार करावा लागला नाही.

विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' (१९७२) या नाटकाला ते दिग्दर्शक जब्बार पटेल यांचे साहाय्यक होते. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने वादामुळे त्याचे प्रयोग थांबवले, तेव्हा बाहेर पडलेल्या तरुण रंगकर्मींनी १९७३ मध्ये 'थिएटर अकॅडमी' स्थापन केली. आळेकर त्यांपैकी एक होत.

या संस्थेसाठी त्यांनी लिहिलेले व दिग्दर्शित केलेले 'महानिर्वाण' (१९७४) त्यांची प्रमुख कृती होय. त्यात मृत भाऊराव स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करतात. दहन जुन्याच स्मशानात व्हावे हा त्यांचा हट्ट. स्मशान मात्र बंद होत आहे. मुलगा नाना त्यामुळे अडचणीत सापडतो. पूर्वरंग-उत्तररंगाची ओळखीची चौकट, आनंद मोडक यांचे संगीत आणि चाळीतील शेजाऱ्यांचा समूह यांतून मृत्यूचे विधी हास्यास्पद होत जातात. याला केवळ विनोदी नाटक म्हणणे अपुरे ठरेल. हसू ओसरल्यावर उरणारी पोकळी हाच त्याचा विषय आहे.

'बेगम बर्वे' (१९७९) संगीत नाटकाच्या उतरत्या काळाकडे पाहते. नाटक कंपनीत स्त्रीपार्टी म्हणून फारसे कधीच पुढे न आलेले बर्वे आता उदबत्त्या विकतात. दोन कारकुनांच्या दिवास्वप्नात त्यांचे स्वप्न मिसळते आणि काही काळ दोन्ही बाजूंना संसाराचा आभास लाभतो. तो मोडतो तेव्हाची क्रूरता मराठी रंगभूमीवर विरळाच. 'मिकी आणि मेमसाहेब', 'महापूर', 'शनिवार-रविवार', 'दुसरा सामना', 'अतिरेकी' व 'एक दिवस मठाकडे' ही त्यांची अन्य नाटके.

१९८५ नंतरच्या दशकात फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने थिएटर अकॅडमीने नव्या नाटककारांसाठी आणि प्रादेशिक नाट्यसंस्थांसाठी योजना राबवल्या. त्यांची आखणी आळेकरांची होती. १९९४ मध्ये त्यांनी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात भारतीय रंगभूमी शिकवली. पुढे १९९६ ते २००९ पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे ते प्रमुख होते. 'जैत रे जैत' व 'कथा दोन गणपतरावांची' या चित्रपटांसाठी त्यांनी लेखन केले. 'व्हेंटिलेटर'मध्ये त्यांनी भूमिका केली. संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९९४) व पद्मश्री (२०१२) हे त्यांना लाभलेले सन्मान आहेत.