कोरड्या गावातला गारवा

सोलापूरच्या माणसानं पावसाच्या गाण्यांवर लिहायचं म्हणजे शाकाहारी माणसानं तांबड्या रश्श्याची पाककृती सांगण्यासारखं आहे. तरी लिहितोय. गेला आठवडाभर ऑफिसात एक किचकट बग मागे लागला होता, आणि अशा वेळी मी कानात जे लावतो तेच लावलं होतं : 'गारवा'. शुक्रवारी बग सापडला, गाणी मात्र डोक्यातून जाईनात. म्हटलं, एकदाचं लिहून टाकू.

नव्या पोरांसाठी थोडा इतिहास. 'गारवा' १९९८ साली आला. संगीत आणि आवाज मिलिंद इंगळे यांचा, शब्द सौमित्र यांचे. सौमित्र म्हणजे किशोर कदम. पंडित सत्यदेव दुबे यांच्या तालमीत तयार झालेला नट, आणि कवी. या जोडीचा हा पहिला अल्बम. विषय एकच, पाऊस. म्हणजे पाऊस, ती, आठवण आणि पुन्हा पाऊस. थोडं खट्याळ, बरंचसं उदास.

आता यात नवीन काय होतं? मराठीत भावगीतं काय कमी होती? १९३० च्या दशकात जी. एन. जोशींच्या तबकड्या आल्या, मग गजाननराव वाटव्यांनी कविता गात गावं गाजवली. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक असं 'गीतरामायण' झालं, एकूण ५६ गीतं. साठच्या दशकात पाडगांवकर, खळे आणि अरुण दाते यांचं 'शुक्रतारा' आलं. हे सगळं रेडिओचं राज्य. कवीचं नाव आपल्याला निवेदिका सांगायची, तेही गाणं सुरू व्हायच्या आधी, घाईघाईत. कवी स्वतः दिसायचा नाही, ऐकू यायचा नाही.

'गारवा'मध्ये कवी स्वतः बोलतो. गाण्यांच्या मधे सौमित्र आपल्या कविता वाचतात. 'वाचतात' हा शब्दसुद्धा जड झाला. शेजारी कट्ट्यावर बसून एखादा मित्र सांगतो ना, तसं सांगतात. ना वृत्त, ना व्यासपीठावरचा आवाज. आणि त्या बोलण्याच्या टोकाला अलगद गाणं सुरू होतं. माझ्या ऐकण्यात तरी मराठीत असं आधी नव्हतं. शिवाय काळ बघा. १९९५ ला अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं होतं, १९९६ ला लकी अलीचं 'सुनो'. सिनेमाशिवायही हिंदी गाणं चालतं हे कंपन्यांना कळलं होतं. मराठीत तो दरवाजा जरा उशिरा उघडला, पण उघडला तो असा हळूच. पाच वर्षांनी, २००३ मध्ये, संदीप खरे आणि सलील कुलकर्णींचं 'आयुष्यावर बोलू काही' आलं. कवीनं स्वतः समोर बसून स्वतःचं म्हणायचं, ही गोष्ट तोवर आमच्या पिढीला सवयीची झाली होती.

माझ्यापर्यंत 'गारवा' पोचला तो कॅसेटची कॅसेट, तिचीही कॅसेट अशा वाटेनं. ऐंशीच्या दशकात टी-सीरीजनं कॅसेट स्वस्त केल्या आणि रेकॉर्डिंगवरची मोजक्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली, तेव्हापासून ही वाट गल्लोगल्ली तयारच होती. वर्गातल्या एकाच्या मामेभावानं मूळ कॅसेट पुण्याहून आणलेली. त्यावरून एकानं साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवली, त्याच्याकडून मी. (हो, चोरीच ती. नोकरी लागल्यावर सीडी विकत घेऊन पाप फेडलं.) आता आम्ही संगणकवाले जाणतो की डिजिटल फाइलची हजारावी प्रतही पहिलीसारखीच असते. टेपचं तसं नाही. दर प्रतीला थोडी सरसर वाढते. माझ्या प्रतीत ती इतकी होती की मला कित्येक दिवस वाटायचं, मागे पावसाचा आवाज मुद्दाम भरलाय! पुढे सीडीवर ऐकलं तर तो पाऊस गायब. खरं सांगतो, थोडं वाईट वाटलं.

असंच एक हातोहात फिरलेलं पहिलं पान स्कॉटलंडात आहे. बेल अँड सेबॅस्टियन या ग्लासगोच्या बँडचा 'टायगरमिल्क', १९९६ चा. स्टुअर्ट मर्डॉक नावाचा पोरगा दीर्घ आजारपणातून उठत गाणी लिहीत होता. तिथल्या स्टो कॉलेजातल्या संगीतव्यवसायाच्या अभ्यासक्रमातून या बँडची तबकडी निघाली. प्रती छापल्या फक्त १,०००. लोकांनी त्या टेपवर उतरवून घेतल्या, आणि सगळ्यांसाठी तो अल्बम पुन्हा निघाला तो १९९९ मध्ये. तसाच खट्याळ, तसाच उदास. ऐकताना मला पहिला विचार काय आला असेल? की ह्यांना उदास व्हायला काय जातंय, ह्यांच्याकडे बारा महिने पाऊस असतो!

कारण आमचा पाऊस. सह्याद्रीनं सगळा पश्चिमेला अडवून ठेवला की उरलंसुरलं आमच्याकडे येतं. वर्षाला साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर. मुंबईत २,००० च्या वर. त्यातही आमचा मोठा वाटा सप्टेंबरात, म्हणजे बाकीच्यांची पावसाळी गाणी संपत आली की. जूनमध्ये 'गारवा' ऐकावा तर खिडकीबाहेर सात रस्त्यावर नुसती धूळ. आमच्याकडे गारवा म्हणजे माठाखालची ओली वाळू. जिल्ह्याची पावसाची आठवण म्हणजे पाऊस न आल्याची आठवण. दुर्गादेवीच्या दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशहाची धान्याची कोठारं लोकांना उघडून दिली ही कथा आम्ही दूध पिता पिता ऐकतो. नंतर १८७६ ते ७८ चा. आणि १९७२ चा, जो अजून घराघरात आहे.

आमच्या घरात तो अप्पांच्या रूपात होता. अप्पा मूळचे मंगळवेढा तालुक्यातले, सोलापुरात एका कारखान्यात हिशेब लिहायचे. १९९९ चा मे महिना असेल. दुपारी मी टेप लावून पालथा पडलो होतो. अप्पा जेवायला आले.

"काय ऐकलालास बे?"

"कविता आहे, अप्पा. पावसाची."

ते टेकले. पाऊस, खिडकी, आठवण असं सगळं झालं. ऐकून घेतलं त्यांनी पूर्ण. मग ताटाकडे बघत विचारलं, "ह्या माणसाचा पेरा झालाय का?"

मी हसलो. ते हसले नाहीत. जेवता जेवता सांगायला लागले. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, १९७३ च्या उन्हाळ्यात, ते पंधरा वर्षांचे असताना आजीबरोबर खडी फोडायला जायचे. (त्या मे महिन्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, हे मी नंतर वाचलं. रोजगार हमीचा कायदा त्यातूनच पुढे आला.) तिथं सुकडी मिळायची. घरी परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी, घशाखाली न उतरणारी. ज्यांनी आयुष्यभर मालदांडी पिकवली त्यांच्या ताटात ती! "ढग आला की सगळी बायामाणसं हातोडा थांबवून वर बघायची," अप्पा म्हणाले. "कुणी काय बोलायचं नाही. ढग निघून गेला की पुन्हा ठाक ठाक."

सतरा वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. त्या कॅसेटनं सांगायला लावलं.

तेव्हा मला वाटलं होतं की अप्पांना 'गारवा' कळला नाही. सतराव्या वर्षी आपल्याला सगळं कळत असतं, असो. पुढे पुण्यात नोकरीला आलो. इथे जूनमध्ये खरोखर पाऊस पडतो, खिडकीत उभं राहता येतं, आठवणही येते. मला मात्र आठवायचे ते खडीच्या ढिगावर बसून वर बघणारे लोक. तेव्हा लक्षात आलं की सौमित्रांच्या कवितेतला माणूस तरी दुसरं काय करतोय? न येणाऱ्याची वाट बघतोय, आणि समोरच्याला विचारतोय, तुलाही असं होतं का. अप्पांनी ती कविता माझ्यापेक्षा नीट ऐकली होती. त्यांनी फक्त त्या वाट बघण्याचा पत्ता बदलला.

या गोष्टीला एक शेपूट आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये 'फँड्री' लागला. नागराज मंजुळे आमच्या जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. सिनेमात जब्याचा बाप कचरू म्हणजे किशोर कदम. वाकलेली पाठ, कोरडं माळरान, डुकरामागे धावणं, गावासमोर लाचार होणं. पावसाचा मागमूस नाही. मी अप्पांना घेऊन गेलो होतो. मध्यंतरात ते म्हणाले, "हा तुझा पाऊसवाला ना?"

मी चाट. पंधरा वर्षांपूर्वी एकदा, तेही सरसरणाऱ्या टेपवर ऐकलेला आवाज!

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज तोच आहे की," म्हणाले. "आता पेरा न झालेल्याचा वाटतो."

अप्पा २०१९ च्या उन्हाळ्यात गेले. त्या वर्षी सप्टेंबरात मी पुण्यातच होतो, एका रात्री भावाचा फोन आला. पलीकडून नुसता पत्र्यावरचा ताडताड आवाज. तो काही बोलला नाही, मीही नाही. दोनेक मिनिटं आम्ही तसाच ऐकला.

ज्यांनी 'गारवा' फक्त कॉलेजात असताना ऐकला असेल त्यांनी पुन्हा एकदा ऐकून बघा. शक्यतो मे महिन्यात, पंखा बंद असताना.