उष्टे कवच

पावसाळ्यातल्या संध्याकाळी मुलुंड स्टेशनच्या पुलावर तायक्वांदो, कराटे, बॉक्सिंग अशा वर्गांहून परतणारी मुले भेटतात. पाठीवरच्या पिशवीत घामाने भिजलेला गणवेश, त्याखाली बूट आणि बुटात कोंबलेल्या मोज्यात माउथगार्ड, म्हणजे दातांवर बसवायचे कवच. आमच्या घरीही असे एक होते. त्याला वास येऊ लागला म्हणून चिरंजीवांनी ते घालणेच सोडले. जिवाणू मारायचे तर उकळावे, या शालेय ज्ञानावर विसंबून आम्ही ते पाच मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवले. बाहेर निघाले ते वाटाण्याच्या शेंगेसारखे मिटलेले. आमची रसायनशास्त्रातली डॉक्टरेट त्या दिवशी काही उपयोगी पडली नाही. मात्र या निमित्ताने या कवचाचा इतिहास धुंडाळला, आणि आमची चूक त्या इतिहासातच लपलेली आढळली.

लंडनमधले दंतवैद्य वुल्फ क्राउझ हे १८९० च्या सुमारास मुष्टियोद्ध्यांच्या वरच्या पुढल्या दातांवर गटापर्चाच्या पट्ट्या बसवून देत. गटापर्चा हा मलाया भागातल्या एका झाडाचा चीक. रेणूचे घटक रबराचेच, पण मांडणी निराळी. त्यामुळे तो थंड असताना कडक असतो आणि गरम पाण्यात मऊ होऊन हवा तो आकार घेतो. ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यवैद्य विल्यम माँटगोमेरी यांनी १८४३ मध्ये सिंगापूरहून त्याचे नमुने लंडनला पाठवले. समुद्राखालच्या तारांना त्याचेच वेष्टन असे. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या जहाजाने मुंबई ते एडन जी तार अंथरली, तीही गटापर्चात गुंडाळलेली होती. म्हणजे मुंबईचे निरोप ज्या चिकाने राखले, त्यानेच लंडनच्या पहिलवानांचे दात राखले!

क्राउझ यांचा मुलगा फिलिप याने पुढे पुन्हा पुन्हा वापरता येईल असे रबरी कवच केले. टेड 'किड' ल्यूइस ते वापरू लागला, तेव्हा १९२१ मध्ये जॅक ब्रिटनच्या बाजूने त्यावर हरकत घेतली गेली. हे नियमबाह्य साधन आहे असा मुद्दा होता. १९२७ मध्ये माइक मॅकटीग हा जॅक शार्कीविरुद्ध जिंकत आला असताना त्याच्या तुटलेल्या दाताने ओठ कापला आणि लढत सोडावी लागली. त्यानंतर हरकतीचा सूर मावळला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष मुष्टियोद्धे शिरस्त्राणाविना लढले, पण दातांचे कवच मात्र राहिले.

'पुन्हा पुन्हा वापरता येणारे' या शब्दांतच नवा प्रश्न दडलेला होता. आपल्याकडे कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी चावून फेकून देत. उष्टी वस्तू उद्यासाठी ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. कवच मात्र रोज उष्टे होते आणि रोज परत तोंडात जाते.

योगायोग असा, की क्राउझ पट्ट्या बसवत होते त्याच १८९० साली विलोबी मिलर यांचा मानवी मुखातील सूक्ष्मजीवांवरचा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याच्याही दोनशे वर्षे आधी, १६८३ मध्ये, डेल्फ्टचे कापडव्यापारी लेव्हेनहुक यांनी आपल्याच दातांवरचा पांढरा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. हे गृहस्थ रोज मिठाने दात घासत, तरी त्यात वळवळणारे जीव दिसलेच. थर व्हिनेगरमध्ये कालवला की ते जीव मरत. पण व्हिनेगरने नुसती चूळ भरली तर आतले जिवंत राहत. लेव्हेनहुक यांनी अनुमान काढले, की व्हिनेगर थराच्या बाहेरच्यांनाच मारते, आत शिरत नाही. आज ज्याला आपण जैवपटल म्हणतो, त्याचा मर्म त्यांना असा चुळीतून कळला. जिवाणू स्वतःभोवती चिकट द्रव्य स्रवतात आणि त्याच्या आडोशाने राहतात. म्हणून कवचावर सुवासिक औषधी पाणी ओतून भागत नाही. थर आधी घासून उखडावा लागतो.

आजची बहुतेक कवचे एथिलीन व्हिनाइल ॲसिटेटची असतात. चपलांचे हलके तळ ज्या कुळातले, त्याच कुळातली. हा पदार्थही गटापर्चासारखा उष्णतेने मऊ होतो. गरम पाण्यात बुडवून, दातांखाली दाबून तो आकार घेतो, आणि पुन्हा तापवला की तो आकार विसरतो. आम्ही नेमके तेच केले होते. गाडीत काचेमागे किंवा उन्हातल्या खिडकीत ठेवले तरी हाच धोका.

तेव्हा कृती साधी आहे. काढल्याबरोबर, लाळ सुकण्याआधी, ते गार पाण्याखाली धरावे. मग वेगळ्या मऊ ब्रशने, सौम्य साबण लावून, आतून-बाहेरून घासावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. खरखरीत दंतमंजन टाळावे, कारण त्याचे ओरखडे म्हणजे जिवाणूंना आयती घरे. कवळी धुण्याच्या गोळ्या अधूनमधून चालतात. कडा फाटल्या, चावून खडबडीत झाल्या, की नवे घ्यावे. दुसऱ्याचे कवच तर तोंडात घालूच नये. जिवलग मित्राचे असले तरी.

खरी अडचण वाळवण्याची. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या उपनगरांतली हवाच इतकी दमट, की दोरीवरचा रुमाल दोन दिवस वाळत नाही. ओले कवच घट्ट झाकणाच्या डबीत गेले की बुरशीची सोय झाली. डबीला भोके हवीत, आणि त्याआधी कवच तासभर पंख्याखाली ठेवावे.

वर्गात हे दाखवायचे तर तोंडातले जिवाणू वाढवण्याच्या फंदात शिक्षकांनी पडू नये. भाकरीचे दोन सारखे तुकडे पाणी शिंपडून घ्यावेत. एक पारदर्शक बरणीत घट्ट बंद करावा, दुसरा जाळीखाली पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा. चार-पाच दिवस रोज निरीक्षण लिहावे. बंद बरणी शेवटपर्यंत उघडू नये. पाहून झाले की तशीच कचऱ्यात टाकावी.

चिरंजीवांचे नवे कवच आता भोके पाडलेल्या डबीत राहते. भोके आम्हीच तापवलेल्या सुईने पाडली, कवच आधी बाहेर काढून.