मुकादमाची दस्तुरी ते रिक्रूटरची फी

पदवीदानाचा गाऊन परत करून आठवडाही झालेला नसतो, आणि लिंक्डइनवर मेसेज येतो: तुमचा प्रोफाइल पाहिला, एक चांगली संधी आहे, दहा मिनिटं बोलू या का? अमेरिकेत ओपीटीवर असाल, तर तेव्हा डोक्यात दिवस मोजणं चालूच असतं, कारण पदवीनंतरच्या ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त काळ बेकार राहता येत नाही. अशा वेळी ‘नोकरी लावून देतो’ म्हणणारा माणूस देवासारखा वाटतो. मग आपण मित्रांना विचारतो, हा माणूस चांगला आहे का रे?

या प्रश्नाचं उत्तर सहसा मिळत नाही. नोकरीतल्या मध्यस्थांचा इतिहास वाचला, तर त्यापेक्षा उपयोगी असे दोन प्रश्न सापडतात. याला पैसे कोण देतं? आणि नेमकं काय घडलं की देतं?

गिरणीच्या फाटकापाशी

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढली. पुढच्या काही दशकांत कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसं गिरणगावात आली. त्यांना कामावर घेणारा माणूस मालक नव्हता, मॅनेजरही नव्हता. तो होता जॉबर, म्हणजे मुकादम. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करायची. सकाळी फाटकापाशी बदली कामगार उभे राहायचे, आणि कोण गैरहजर आहे ते बघून जॉबर त्यांच्यातली माणसं आत घ्यायचा. आत गेल्यावर देखरेख त्याचीच, आणि कोणाला काढायचं यातही त्याचाच शब्द चालायचा.

या सगळ्याबद्दल तो कामगाराकडून दस्तुरी घ्यायचा. काम लागताना द्यायची, पुष्कळदा ते टिकवण्यासाठी द्यायची, गावाहून परत आल्यावर पुन्हा द्यायची. घोडं पेंड खातं ते इथेच. जुना माणूस टिकला तर जॉबरची कमाई बेताची. तो गेला आणि नवा आला, की नवी दस्तुरी. माणसं टिकवण्याची जबाबदारी ज्याच्यावर, त्यालाच माणसं बदलण्यात फायदा होता.

तरी जॉबरला नुसता खलनायक करून भागत नाही. रत्नागिरीहून आलेल्या पोराला शहरात ओळखणारं कोणी नसायचं. जॉबर पुष्कळदा त्याच्याच भागातला, कधी त्याच्याच नात्यातला असायचा. राहायची सोय, खानावळ, उधारी, अशा गोष्टी त्याच्या ओळखीवर व्हायच्या. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवलंय, की जॉबरची सत्ता गिरणीबाहेरच्या या नात्यांवर उभी होती, आणि म्हणूनच तिला मर्यादाही होत्या. वस्तीतली माणसं उलटली, तर त्याचं गिरणीतलं वजनही जायचं.

कामगारांसाठी नेमलेल्या शाही आयोगाने, म्हणजे व्हिटली कमिशनने, १९३१ च्या अहवालात ही लाचखोरी नोंदवली, आणि भरतीचं काम जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावं असं सुचवलं. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्डं देण्याची पद्धत सुरू केली, म्हणजे रोजची निवड जॉबरच्या मर्जीवर राहणार नाही. जॉबर लगेच गेला नाही, पण फाटकावरची त्याची पकड हळूहळू ढिली झाली.

एका डॉलरची नोकरी

हे फक्त ‘आपल्याकडचं’ दुखणं होतं असं वाटत असेल, तर अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं स्पोकेन शहर बघा. १९०९ मध्ये तिथल्या स्टीव्हन्स स्ट्रीटवर नोकरी-एजंटांची रांगच होती. साधारण एक डॉलर भरला, की लाकूडतोडीच्या किंवा रेल्वेच्या कामाची चिठ्ठी मिळायची. कामगार तिथवर जायचा, थोडे दिवस राबायचा, आणि फोरमन त्याला काढून टाकायचा. फी एजंट आणि फोरमन वाटून घ्यायचे. कामगार पुन्हा स्पोकेनला, पुन्हा एक डॉलर. कामगारांमध्ये एक विनोद होता, की एजंटांनी गतिमान यंत्र शोधून काढलंय: एक माणूस कामावर चाललेला, एक कामावर असलेला, आणि एक कामावरून परत येत असलेला.

आयडब्ल्यूडब्ल्यू या संघटनेने याविरुद्ध रस्त्यावर भाषणं सुरू केली. शहराने रस्त्यावरच्या भाषणांवर बंदी घातली. २ नोव्हेंबर १९०९ पासून एकामागून एक माणूस खोक्यावर चढून बोलायला लागला आणि तुरुंगात जायला लागला, आणि तुरुंगात गेलेल्यांची संख्या शेकड्यांत गेली. एकोणीस वर्षांची एलिझाबेथ गर्ली फ्लिन हिने तर अटक लांबवण्यासाठी स्वतःला दिव्याच्या खांबाला साखळीने बांधून घेतलं. १९१० मध्ये शहराने माघार घेतली आणि अनेक एजंटांचे परवाने रद्द केले.

१९१४ मध्ये वॉशिंग्टनच्या मतदारांनी कामगाराकडून फी घ्यायलाच बंदी केली. पण १९१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द ठरवला. एजंटांच्या फीवर राज्यं मर्यादा घालू शकतात, हे त्याच कोर्टाने मान्य करायला १९४१ उजाडलं. ब्रिटनमध्ये १९७३ च्या कायद्याने नोकरी शोधून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेण्यावर बंदी आली. मनोरंजनासारख्या काही क्षेत्रांचा अपवाद आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या करारातही तेच तत्त्व आहे.

मालकाने पैसे दिले की प्रश्न सुटतो?

इथे गोष्ट संपली असती, तर बरं झालं असतं. पैसे मालकाने द्यायचे, कामगाराने नाही, एवढं केलं की झालं. पण मॉरिशसचा इतिहास त्याच्या आड येतो.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाज कलकत्त्याहून ३६ गिरमिटिया मजूर घेऊन पोर्ट लुईला पोहोचलं. पुढे मुंबई बंदरातूनही माणसं गेली, आणि आजचा मॉरिशसचा मराठी समाज त्यांचाच वंशज आहे. या भरतीचा खर्च उसाचे मळेवाले करायचे. गावोगाव फिरणाऱ्या भरती-दलालाला माणशी पैसे मिळायचे. म्हणजे त्याचा नफा माणूस जहाजात चढेपर्यंतच्या गोष्टीशी बांधलेला होता. समुद्र किती दिवसांचा, काम कसलं, पगारातून काय कापलं जाणार, हे खरं सांगून त्याला मिळणार काहीच नव्हतं. फसवणुकीचा इतका बोभाटा झाला, की १८३९ मध्ये ही भरती थांबवावी लागली. १८४२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, ती सरकारी देखरेखीखाली. भारतातून परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी आजही ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हे पद आहे. आखाती देशांसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते, आणि तो किती फी घेऊ शकतो यावर सरकारी मर्यादा आहे.

तर कामगाराने पैसे दिले, तेव्हा त्याला पुन्हा पुन्हा काढण्यात फायदा होता. मालकाने माणशी पैसे दिले, तेव्हा त्याला कसंही करून पाठवण्यात फायदा होता. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे तर आहेच. पण पोळी कधी वाढली जाते, तेही बघावं लागतं.

आता तुमचा मेसेज

तो मेसेज पाठवणारा कोण आहे, हे या दोन प्रश्नांनी बरंच उलगडतं.

कंपनीचाच पगारी रिक्रूटर असेल, तर तो कंपनीचा नोकर. बाहेरच्या एजन्सीचा असेल, तर साधारणपणे तुम्ही रुजू झालात की कंपनी त्याला तुमच्या वार्षिक पगाराच्या काही टक्के फी देते. तुम्ही पहिल्या काही महिन्यांत सोडलंत, तर पुष्कळ करारांत ती फी परत करावी लागते. म्हणून तो तुमचा पगार वाढवायला फार ताणून धरत नाही. दोन-चार हजार डॉलर जास्त मिळवण्यापेक्षा तुमचा होकार आज येणं त्याला जास्त मोलाचं असतं. यात लबाडी नाही, हिशोब आहे.

नव्या पदवीधराला या एजन्सीकडून फारसे फोन का येत नाहीत, तेही याच हिशोबाने कळतं. फ्रेशर कंपनीला कॅम्पसवर फुकट मिळतात. त्यांच्यासाठी फी कोण मोजणार? विद्यापीठांनी हे ओळखून आपली व्यवस्था फार पूर्वीच उभी केली. ऑक्सफर्डची पदवीधरांना नोकरी शोधायला मदत करणारी समिती १८९२ ची आहे. तुमच्या विद्यापीठाचं करिअर ऑफिस त्याच घराण्यातलं.

आणि तिसरा प्रकार, जो आपल्या मुलांना सर्वांत जास्त भेटतो: आयटीतला स्टाफिंग व्हेंडर. तो तुम्हाला आपल्या पगारपत्रकावर घेतो, क्लायंटकडे पाठवतो, आणि तासाच्या दरातला फरक स्वतः ठेवतो. मध्ये आणखी दोन व्हेंडर असले, तर प्रत्येकाचा वाटा. याचा फायदा तुम्ही काम करत राहण्यात आहे, ही बरी बाजू. पण प्रोजेक्ट नसेल तेव्हा तुम्ही त्याला खर्च वाटता. बेंचवर बसवून पगार न देण्याचे प्रकार इतके झाले, की १९९८ मध्ये अमेरिकेने एच-वन-बी कामगारांसाठी ते कायद्याने बंद केलं. ट्रेनिंगच्या नावाखाली तुमच्याकडूनच पैसे मागणारा, किंवा रेझ्युमेमध्ये नसलेला अनुभव घालायला सांगणारा भेटला, तर ती जुनी दस्तुरीच आहे, फक्त पावती पीडीएफमध्ये येते.

तेव्हा पहिल्याच फोनवर विचारा: तुम्ही कंपनीचे की एजन्सीचे? तुमची फी कोण देतं? क्लायंटचं नाव काय, आणि मध्ये किती जण आहेत? माझा रेझ्युमे मला विचारल्याशिवाय कुठे पाठवणार नाही ना? हे विचारणं उद्धटपणाचं नाही. चांगला रिक्रूटर दोन मिनिटांत सरळ उत्तरं देतो, आणि अशा माणसाचा नंबर जरूर जपून ठेवा. पाच वर्षांनी, अनुभव गाठीशी असताना, त्याच्या हिशोबात तुमची किंमत पुष्कळ वाढलेली असेल.