कॅमेरा, मोबाईल आणि पोलीस ठाणे : मारुंजीकरांना माहीत असाव्यात अशा गोष्टी

आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील डिलिव्हरीचं काम करतात. राहायला मारुंजीत, भाड्याच्या खोलीत. एका संध्याकाळी त्यांना ‘केवायसी अपडेट करा’ असा फोन आला आणि पाच मिनिटांत खात्यातले पैसे गेले. लोक हसतील या लाजेने ते दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी मला विचारायला आले, “सर, आता काय करायचं?” उत्तर सोपं होतं, पण वेळ निघून गेली होती.

त्यांच्यासारख्यांसाठीच हा लेख आहे. पोलिसांच्या हातात आज कोणतं तंत्रज्ञान आहे, त्यातून आपल्याला काय मिळतं आणि कुठे सावध राहायला हवं, ते एका ठिकाणी मांडतो.

आपलं ठाणं कोणतं?

मारुंजी हे मुळशी तालुक्यातलं गाव. हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून असल्यामुळे इथे शेतकरी, इंजिनिअर, बांधकाम मजूर, पीजीत राहणारी मुलं-मुली असे सगळे एकत्र राहतात. गाव हिंजवडी पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं. त्याआधी हिंजवडी पुणे शहर पोलिसांकडे होतं, तर चाकणचा भाग पुणे ग्रामीणकडे.

सुरुवात बोटांच्या ठशांपासून

पोलिसांचं तंत्रज्ञान म्हटलं की आपल्याला कॅमेरे आणि एआय आठवतं. पण याची एक मोठी पायरी आपल्याच देशात रचली गेली. १८९७ मध्ये कलकत्त्यात जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्युरो सुरू झालं. ठशांचं वर्गीकरण १०२४ कप्प्यांत करण्याचं गणित बसवलं ते अजीजुल हक या सब-इन्स्पेक्टरने, आणि त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांनीही या कामात मोठा वाटा उचलला. जगभर मात्र ती पद्धत वरिष्ठ अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली गेली. आजची संगणकीय ठसे-प्रणाली याच पायावर उभी आहे.

आता काय बदललं?

सीसीटीएनएस या देशव्यापी प्रणालीने पोलीस ठाणी संगणकाने जोडली. १०० ऐवजी ११२ हा एकच क्रमांक आला. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने पोलिसांसाठी ‘मार्वल’ ही एआयची स्वतंत्र कंपनी स्थापन केली. नागपूर भागातल्या २३ ठाण्यांत वापरून पाहिलेली ‘महाक्राइमओएस’ ही तपासाला मदत करणारी प्रणाली राज्यातल्या सुमारे ११०० ठाण्यांत नेण्याची घोषणा डिसेंबर २०२५ मध्ये झाली.

कायदाही बदलला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. त्यातल्या या गोष्टी लक्षात ठेवा :

- तक्रार ऑनलाइन देता येते, मात्र तीन दिवसांत ठाण्यात जाऊन त्यावर सही करावी लागते. (कलम १७३)
- गुन्हा कुठेही घडलेला असो, जवळच्या ठाण्याने तक्रार नोंदवून घ्यायची असते. यालाच झीरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत मोफत मिळते.
- झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक आहे. ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. (कलम १०५)
- तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं असतं. (कलम १९३)

पोलीस घरी झडतीला आले तर घाबरून आरडाओरडा करू नका. “साहेब, व्हिडिओ सुरू आहे ना?” एवढं शांतपणे विचारा. तो आपला हक्क आहे, आणि खरं बघितलं तर प्रामाणिक अधिकाऱ्याचंही त्यातच संरक्षण आहे.

ठाण्यातला कॅमेरा

कॅमेरा फक्त नागरिकांवर नाही, पोलिसांवरही आहे. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रीकरण करणारे कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडे, काही सुटू नये. चित्रीकरण १८ महिने आणि तेवढी सोय नसेल तर किमान वर्षभर जपायचं. हे कॅमेरे बंद असल्याच्या बातम्यांची दखल न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःहून घेतली. कोठडीत मारहाण झाली असं कुणाचं म्हणणं असेल, तर त्या फुटेजची लेखी मागणी ताबडतोब करायला हवी.

अफवा : एका फॉरवर्डची किंमत

पुणेकरांना २ जून २०१४ विसरता येणार नाही. महापुरुषांची विटंबना करणारी छायाचित्रं फेसबुकवर फिरली, वातावरण तापलं आणि हडपसरमध्ये नमाजहून परतणाऱ्या एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला जमावाने ठार मारलं. त्या छायाचित्रांशी त्याचा काहीच संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. त्या घराला इन्साफ मिळाला नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण मारले गेले. त्या प्रकरणात २०२४ मध्ये सात जणांना जन्मठेप झाली. मेलेले कुठल्या धर्माचे, हा प्रश्नच नाही. अफवेला कुणीही चालतं. आक्षेपार्ह पोस्ट दिसली तर पुढे पाठवू नका, कमेंटमध्ये भांडू नका. स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा आणि पोलिसांना द्या.

व्हिडिओ पुरावा कधी ठरतो?

“माझ्याकडे व्हिडिओ आहे” एवढ्याने भागत नाही. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचा अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला पाहा. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हा वाद होता आणि निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण महत्त्वाचं ठरलं. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दिली तर त्यासोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. आता ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. म्हणून मूळ मोबाईल आणि मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत दुबळी गवाही ठरते.

यंत्रही चुकतं

चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर ‘हाच तो’ असं सांगत नाही, ‘बहुतेक हा असावा’ एवढंच सांगतं. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटजवळ अशाच चुकीच्या जुळणीवरून एका कृष्णवर्णीय माणसाला त्याच्या मुलींसमोर अटक झाली. चोरीशी त्याचा संबंधच नव्हता. आपल्याकडे हैदराबादमध्ये पोलिसांनी रस्त्यात थांबवून फोटो काढल्याबद्दल एका कार्यकर्त्याने तेलंगणा उच्च न्यायालयात दाद मागितली.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं आहे. दुसरीकडे, २०२२ च्या दंड प्रक्रिया (ओळख) कायद्याने पोलीस ठसे, डोळ्यांची बुबुळं, फोटो घेऊ शकतात आणि ती नोंद ७५ वर्षं राहू शकते. पण त्याच कायद्यात एक महत्त्वाची ओळ आहे : आधी शिक्षा झालेली नसेल आणि माणूस निर्दोष सुटला, तर न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसल्यास ती नोंद नष्ट करायची. सुटकेनंतर बहुतेक घरांत पेढे वाटले जातात, या ओळीकडे कुणी बघत नाही. वकिलाला जरूर विचारा.

घरात भिंतीवर लावून ठेवा

- ११२ : कुठलीही तातडीची मदत.
- १९३० : ऑनलाइन पैसे गेले तर लगेच, त्याच क्षणी. रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येऊ शकते. सोबत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार आणि बँकेला फोन.
- डिजिटल अरेस्ट : असं काही कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कोणताही पोलीस अटक करत नाही, पैसे मागत नाही. फोन कापा.
- मोबाईल हरवला : तक्रार नोंदवून सीईआयआर पोर्टलवर आयएमईआय क्रमांक ब्लॉक करा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की हा क्रमांक दिसतो. आजच लिहून ठेवा.
- भाडेकरू : मालक असाल तर भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या आणि पोच जपा. भाडेकरू असाल तर त्या पोचेची एक प्रत मागा.

तंत्रज्ञान पोलिसांच्या हातात आहे तसंच आपल्याही हातात आहे. त्या मुलाच्या वडिलांनी आता १९३० हा क्रमांक मोबाईलच्या कव्हरमागे चिठ्ठीवर लिहून ठेवलाय. पहिल्याच तासात फोन केला असता तर कदाचित पैसे वाचले असते. फसवणुकीत लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी, आपल्याला नाही.