उतावळा मासा: घाई मोजायची कशी?

'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' ही म्हण आपण सगळ्यांनीच ऐकलीय. कोण उतावळा आहे हे ओळखायला आपल्याला कुठलं मीटर लागत नाही, बघूनच कळतं. पण समजा कुणी विचारलं, की किती उतावळा? आकड्यात सांग! आणि नवऱ्याच्या जागी जेमतेम चार सेंटिमीटरचा मासा असेल तर? आजचा एपिसोड या आकड्याच्या इतिहासाबद्दल आहे.

आधी आपला हीरो भेटवतो. झेब्राफिश. अंगावर निळ्या पट्ट्या असलेला, फिश टँकच्या दुकानात सहज मिळणारा मासा. मूळचा आपल्याच भागातला. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन याने 1822 मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर एक ग्रंथ काढला, त्यात या माशाची पहिली शास्त्रीय नोंद आहे. पुढे अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर याने त्याला लॅबमध्ये आणलं आणि 1981 मध्ये त्याचे क्लोन तयार करून दाखवले. मादी एका वेळी शेकडो अंडी देते, पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं आणि तीनेक महिन्यांत मासा मोठा होतो. शिवाय माणसाच्या साधारण 70 टक्के जनुकांची जोडीदार जनुकं या माशात सापडतात. म्हणून आज जगभरातल्या लॅबमध्ये तो आहे, आपल्या मुंबईच्या टीआयएफआरमध्येसुद्धा.

आता टेस्टकडे येऊ. तिची सुरुवात माशापासून नाही, माणसापासून झाली. 1950 च्या दशकात केंब्रिजमध्ये लेनर्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक यंत्र बनवलं. समोर पाच दिवे. जो लागेल त्याच्या जागी टॅप करायचं, की लगेच पुढचा लागतो. झोप झाली नसेल किंवा गोंगाट असेल तर माणसाचं लक्ष किती ढळतं, हे त्यावर तपासलं जायचं.

1983 मध्ये केंब्रिजमध्येच मिर्याना कार्ली, ट्रेव्हर रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच कल्पना उंदरांसाठी वापरली. भिंतीत ओळीने भोकं. पाच सेकंद थांबायचं, मग एका भोकात अगदी क्षणभर दिवा लागतो. तिथे नाक खुपसलं की खाऊ. दिवा लागायच्या आधीच नाक घातलं, तर खाऊ नाही, वर थोडा वेळ अंधार.

इथे गंमत बघा. ही टेस्ट होती लक्ष मोजायला. 'दिवा लागायच्या आधीच आला' हा लॉगमधला साइड कॉलम होता, एक प्रकारची चूक. पण हळूहळू लक्षात आलं की हा कॉलमच सोन्याचा आहे. उंदराला नियम माहीत आहे, थांबलं तर फायदा आहे हेही माहीत आहे, तरी राहवत नाही. उतावळेपणा म्हणजे दुसरं काय? मग तोच कॉलम मुख्य आकडा झाला.

माशांच्या बाबतीत मात्र दोन वेगळी मीटरं आली.

पहिलं 2012 चं. जर्मनी आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी एडीएचडीशी संबंध असलेल्या एका जनुकाचं काम झेब्राफिशच्या पिल्लांमध्ये दाबलं. पिल्लं जास्त पळायला लागली आणि मधेच अचानक झपाट्याने वेग घ्यायला लागली. या झटक्यांना त्यांनी हालचालीतला उतावळेपणा म्हटलं. एडीएचडीवर दिली जाणारी दोन औषधं, मेथिलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन, देऊन पाहिली. पिल्लं शांत झाली.

दुसरं मीटर लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातलं. मॅथ्यू पार्कर, कॅरोलाइन ब्रेनन आणि टीमने 2013-14 मध्ये ती पाच दिव्यांची टेस्ट पाण्यात नेली, तीही पूर्ण ऑटोमॅटिक. दिवा लागला की मासा तिकडे पोहत जातो आणि खाऊ मिळतो. आधीच गेला, तर तो 'घाईचा' प्रतिसाद म्हणून नोंदला जातो. आणि थांबायची वेळ दर वेळी बदलती ठेवली. का? कारण दर वेळी बरोब्बर पाच सेकंदच असतील, तर मासा वेळेचा अंदाज शिकू शकतो. मग आपण संयम मोजतोय की त्याचं मनातलं घड्याळ, हे कळणार नाही. कोडिंग करणाऱ्यांना हे लगेच पटेल: टेस्ट केस ठरलेली असली की सिस्टीम टेस्ट पास व्हायला शिकते, काम करायला नाही.

निकाल काय? ॲटोमॉक्सेटिनने घाई कमी झाली. पण जास्त डोसमध्ये मेथिलफेनिडेट दिल्यावर घाई चक्क वाढली!

थांबा, आत्ताच तर म्हटलं की याच औषधाने पिल्लं शांत झाली. मग खरं काय? दोन्ही खरं. एकीकडे जनुक दाबलेली पिल्लं, दुसरीकडे मोठे, नॉर्मल मासे. डोस वेगळा. आणि मुख्य म्हणजे मोजलेली गोष्टच वेगळी. पिल्लू झटका देतं तेव्हा त्याने कुठलाच नियम मोडलेला नसतो, ते घाबरलेलंही असू शकतं. पाच दिव्यांच्या टेस्टमध्ये नियम आहे, वाट पाहणं आहे. अर्थात तिथेही पेच आहेच. मेथिलफेनिडेटने घाई वाढली, तशी माशांनी पूर्ण केलेल्या फेऱ्यांची संख्याही वाढली. म्हणजे मासा उतावळा झाला, की नुसताच जास्त उत्साही? म्हणून अशा टेस्टमध्ये एक आकडा बघून चालत नाही. बरोबर किती, चुकले किती, फेऱ्या किती, हे सगळे कॉलम शेजारी ठेवूनच बोलावं लागतं. त्या संशोधकांनीही जपूनच लिहिलं: या टेस्टमध्ये आम्ही ज्याला उतावळेपणा म्हणतोय, त्यापुरतं हे खरं.

मला या सगळ्या इतिहासातली ही शेवटची अटच सगळ्यात महत्त्वाची वाटते. चार सेंटिमीटरच्या माशाला 'उतावळा' म्हणण्याआधी लोकांनी तीस वर्षं टेस्ट घासली आणि तरीही निकालाला अट जोडली. आपण मात्र रील बघून स्वतःला एडीएचडी आहे म्हणून मोकळे होतो, नाहीतर वर्गात दोनदा मधे बोललेल्या पोरावर कायमचा 'चंचल' असा शिक्का मारतो. डॉक्टरसुद्धा असं करत नाहीत. लक्षणं किमान सहा महिने दिसतात का, घर आणि शाळा अशा एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसतात का, हे सगळं ते आधी तपासतात. त्रास खरंच होत असेल तर त्यांच्याकडेच जा. टाळू नका.

आणि पुढच्या वेळी कुणी कुणाला उतावळा म्हटलं, की एवढंच विचारा: कुठल्या टेस्टमध्ये? दिवा लागायच्या आधी गेला, की नुसताच जोरात पळाला?

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, स्किप करायच्या आधी पाच सेकंद थांबून बघा!